तेरीज जुळली, नोंद राहिली

“रेडमी नोट 8, आहेस का?”

पंचवीस वर्षं कॉलेजात हजेरी घेतली, पण अशा नावानं कुणाला हाक मारायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. 2020 चा पावसाळा. कोल्हापुरातल्या आमच्या घरात माझा वर्ग स्वयंपाकघरात भरायचा, कारण वायफायची रेंज तिथंच जरा बरी होती. एक पिठाचा डबा, एक साखरेचा, दोन्हींवर आडवी लाकडी फूटपट्टी, पट्टीवर पालथा मोबाईल आणि खाली रेघांची वही. बी.कॉम. दुसऱ्या वर्षाच्या 63 पोरापोरींना माझं तोंड दिसत नसे, नुसता हात दिसे, खात्याच्या उभ्या-आडव्या रेघा मारणारा. पहिल्याच आठवड्यात एकानं चॅटवर लिहिलं, “मॅडम बांगड्या लई वाजत्यात.” दुसऱ्या दिवसापासून उजवा हात मोकळा. सासूबाईंना ते काही रुचलं नाही, पण ते असो.

मला तर पोरांचे हातही दिसत नसत. नावं दिसायची, आणि तीही त्यांची नव्हेत, फोनची. ‘विवो 1904’. ‘पप्पा नवीन’. ‘आईसाहेब’. एकाच्या फोनला गावच्या दूध संस्थेचं नाव होतं, कारण फोन संस्थेचाच होता. सकाळचं संकलन उरकलं की सचिवाचा मुलगा तो घेऊन बसायचा. वर आमच्याकडच्या बोलीची गंमत. कोल्हापूरकडच्या पोरी बिनधास्त ‘मी आलो’, ‘मी करतो’ म्हणतात. घरात मीही म्हणते. त्यामुळं चॅटवर ‘मी उद्या देतो मॅडम’ असं आलं की समोर मुलगा आहे की मुलगी, तेसुद्धा उमगायचं नाही. आमचा तास 48 मिनिटांचा आणि फुकटातलं झूम 40 मिनिटांचं. “म्हणून ही रक्कम नावे पडेल, कारण” एवढं बोलून मी कितीदा तोडली गेले असेन. राहिलेलं कारण दुसऱ्या दिवशी सांगायला घ्यावं, तर आदल्या दिवशीचा प्रश्नच कुणाला आठवत नसे.

पण माझी खरी पंचाईत वेगळीच झाली. शिकवणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडात एक पालुपद असतं, माझं होतं “समजलं का?” वर्गात त्याला उत्तर म्हणून एक सूर यायचा, “होऽऽ मॅडम.” त्या सुरावर माझा सगळा कारभार चालायचा. पुढच्या तीन बाकांचा ‘हो’ ठणठणीत यायचा, मधल्यांचा मिळमिळीत, आणि मागून कुणाचा तरी अर्ध्या सेकंदानं मागं राहिलेला ‘हो’ आला की तो ‘नाही’ आहे हे मला कळायचं. मी पुन्हा खडू उचलायची. कुणी शंका विचारलेली नसायची आणि मीही कुणाचं नाव घेतलेलं नसायचं, तरी काम व्हायचं.

ओट्यापाशी उभं राहून मी “समजलं का?” म्हटलं आणि पलीकडून काहीच आलं नाही. शेजारच्या कुकरची शिट्टी तेवढी झाली. मी पुढं सरकले. असं बरेच दिवस पुढं सरकत राहिले.

त्या काळात ऑनलाइन कसं शिकवावं याचे वेबिनार उदंड झाले. शेवटी अभिप्रायाचा फॉर्म भरला की प्रमाणपत्र. माझ्याकडं अशी अकरा जमली. त्यांत पोल कसा घ्यायचा, क्विझ कशी लावायची, ब्रेकआउट रूम कशा करायच्या, हे सगळं होतं. अकराही वेबिनारांत माझा माइक बंद आणि कॅमेरा बंद. दोनांच्या वेळी मी भाजी निवडत होते. पोरांना नावं ठेवण्याआधी हे कबूल केलेलं बरं.

मग मी जरा जुनं वाचायला घेतलं. मेरी बड रो नावाच्या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ बाईंनी 1970 च्या दशकात वर्गांतल्या ध्वनिफिती ऐकून एक साधी गोष्ट मोजली होती: प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी किती थांबतो? सरासरी निघाली एका सेकंदाच्या आसपास. तेच थांबणं तीन सेकंदांवर नेलं की उत्तरं लांबतात, न बोलणारीही बोलू लागतात, ‘माहीत नाही’ कमी होतं. वाचलं आणि माझी रेकॉर्डिंग लावून ऐकली. “कुणाला काही शंका?” आणि लगेच “चला, पुढचं उदाहरण.” मध्ये श्वाससुद्धा नाही. आता आजऱ्याच्या एखाद्या वाडीतल्या पोराचा विचार करा. माझा आवाज त्याच्यापर्यंत उशिरा पोचणार, मग तो मनात वाक्य जुळवणार, घरात कोण बोलतंय ते बघणार, माइकचं बटण शोधणार. तोवर मॅडम दुसऱ्या पानावर. तेव्हापासून मी मनात दहापर्यंत मोजते. स्वयंपाकघरात एकटीनं उभं राहून दहा मोजणं फार अवघड असतं. सात-आठच्या सुमाराला वाटतं की पलीकडं कुणी नाहीच. आणि बहुतेकदा नवाला कुणाचा तरी माइक खुट्ट करतो.

प्रश्नही बदलला. ‘समजलं का’ या प्रश्नाला ‘हो’ याशिवाय उत्तर देणं म्हणजे चारचौघांत हात वर करून आपली मठ्ठपणाची नोंद करून घेणं. त्याऐवजी “तिसऱ्या नोंदीत रोख कुठं लिहिलीस, नावे की जमा?” असं विचारलं की चुकीचं का होईना, काहीतरी येतं. आणि चुकीचं उत्तर आलं की माझ्या हाताला काम मिळतं.

इथपर्यंतचं सांगून मी हुशार ठरते. पुढचं तसं नाही.

2021 चा जुलै. कोल्हापूरच्या माणसाला पावसाळ्यात दोन आकडे तोंडपाठ असतात: राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43. दोनच वर्षांपूर्वी, 2019 च्या ऑगस्टमध्ये, आम्ही महापूर पाहिला होता. तरी 2021 ला पाणी पन्नाशी ओलांडून गेलं, शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद पडला. शहरात चहूकडं पाणी आणि नळाला थेंब नाही, कारण पाणी उपसणारी केंद्रंच बुडालेली. आमच्या गल्लीत टँकरपुढं रांग होती, मी त्या रांगेत होते. आणि त्याच आठवड्यात माझ्या अंतर्गत गुणांच्या असाइनमेंटची मुदत होती. तारीख मी तीन आठवडे आधी टाकून ठेवली होती. रात्री 11 वाजून 59 मिनिटांनी खिडकी आपोआप बंद होणार होती, आणि ती आपली वेळेवर बंद झाली.

मी अगदीच दगड नव्हते. रांगेतूनच मी ग्रुपवर लिहिलं, “पुरामुळे मुदत आठ दिवस वाढवली आहे. कुणाला काही अडचण आहे का?” खाली अंगठे यायला लागले. चाळीसेक आले असतील. मी समाधानानं फोन पर्समध्ये टाकला आणि घागर पुढं सरकवली.

पूर ओसरून महिना झाल्यावर गुणांचा तक्ता भरताना रोल नंबर 47 पुढं शून्य दिसलं. मी दिलेलं नव्हतं, यंत्रानं दिलं होतं. पण यंत्राला तारीख देणारी मीच. आधीचे तास तपासले, तर 47 म्हणजे आपली रेडमी नोट 8. रोज हजर, रोज गप्प, आणि पुरानंतर एकदाही नाही. ती पाच आठवडे नव्हती आणि मला त्याचा पत्ता नव्हता. वर्गात रिकामं बाक दिसतं. पडद्यावर नाव गेलं की उरलेली नावं सरकून जागा भरून टाकतात.

फोन लावला. पलीकडून आवाज आला, “मी बोलतो मॅडम,” आणि तेव्हा मला कळलं की रेडमी नोट 8 ही मुलगी आहे. शिरोळ तालुक्यातलं नदीकाठचं गाव. पाणी चढायच्या आधी घरच्यांनी जनावरं छावणीत नेली, माणसं जयसिंगपूरला मामाकडं गेली. फोन भावाचा, तो जनावरांपाशी. आठवड्यानं फोन हातात आला तेव्हा ग्रुपवर शेकड्यानं निरोप साठलेले, त्यात माझा खाली कुठंतरी. तो तिनं वाचला होता, विशेष म्हणजे.

“मग सांगितलं का नाहीस गं?”

ती जरा थांबली. (मी मोजत होते.) मग म्हणाली, “तुम्ही विचारलासा, अडचण हाय काय म्हणून. सगळ्यांनी अंगठं टाकलं. मग मी एकट्यानंच कसं म्हणायचं, हाय म्हणून?”

असाइनमेंट तिनं पूर येण्याआधीच सोडवली होती. वही माळ्यावर होती म्हणून वाचली. त्याच रात्री तिनं पानांचे फोटो पाठवले. ओल लागून कडा वाकड्या झालेल्या, शाई दोन ठिकाणी पसरलेली, आणि शेवटच्या पानावर तेरीज जुळलेली. दोन्ही बाजूंच्या बेरजेखाली पट्टीनं ओढलेली दुहेरी रेघ. गुण दुरुस्त करून घ्यायला मला तीन अर्ज करावे लागले, पण झाले.

अकाउंट्स न शिकलेल्यांसाठी थोडं सांगते. सगळे व्यवहार आधी कीर्दीत लिहायचे, मग खतावणीत खात्याखात्यांवर वाटायचे, मग सगळ्या खात्यांच्या शिलका एका कागदावर मांडून नावे आणि जमा दोन्ही बाजूंची बेरीज करायची. ती म्हणजे तेरीज, पोरांच्या भाषेत ट्रायल बॅलन्स. जुळली की जीव भांड्यात पडतो. नाही जुळली तर शोधायच्या युक्त्या आहेत. फरकाला 9 नं भाग जात असेल तर बहुधा आकडे उलटे लिहिलेत. 5,400 चे 4,500 झाले की फरक येतो 900. फरक निम्मा करून तेवढ्या रकमेची नोंद सापडली, तर ती चुकीच्या बाजूला गेली असणार. पण काही चुका तेरजेला दिसतच नाहीत. त्यातली पहिली, जी मी दरवर्षी फळ्यावर लिहिते आणि दरवर्षी परीक्षेला येते: व्यवहाराची नोंदच राहून जाणं. जे कीर्दीत आलंच नाही ते ना नावे पडतं ना जमा. दोन्ही बाजू तेवढ्याच कमी. तेरीज चोख जुळते.

इतकी वर्षं हे शिकवत होते. चाळीस अंगठे बघून मला तेरीज जुळल्यासारखी वाटली होती.

दूरशिक्षणात मायकेल मूर यांचं नाव घेतात. त्यांचं म्हणणं असं की शिकवणारा आणि शिकणारा यांच्यातलं अंतर मैलांत मोजायचं नसतं. संवाद किती होतो आणि अभ्यासक्रमाची चौकट किती ताठर आहे, त्यावर ते कमीजास्त होतं. शिरोळ माझ्या घरापासून फार तर तासाभराच्या वाटेवर. 11:59 ची माझी चौकट मात्र भलतीच ताठर होती, आणि संवाद म्हणजे अंगठा.

तरी मूर वाचायच्या आधी मला हे कळायला हवं होतं, कारण मी राहते कुठं? दसरा चौकातून रोज जाते, जिथं आजूबाजूला बोर्डिंगांच्या इमारती उभ्या आहेत. 1901 मध्ये शाहू महाराजांनी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं. त्यानंतर जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य म्हणून दूर ठेवलेल्या समाजांतली मुलं, अशी एकामागून एक वसतिगृहं या गावात उभी राहिली. फी माफ केली आणि शाळेचं दार उघडलं की खेड्यातलं पोर शिकेल, एवढ्यावर महाराज थांबले नाहीत. त्याला रात्री निजायला जागा लागते, दोन वेळा ताट लागतं, आणि शेजारच्या खाटेवर त्याच वर्गातलं दुसरं पोर लागतं, ज्याला ‘हे काय असतं रे?’ असं लाजेशिवाय विचारता येईल. तसंच 1917 च्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं. पोराला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड होता. म्हणजे पोर आलं नाही याची दखल घेणं हे सरकारचं काम होतं. आमच्या ऑनलाइन वर्गाला सगळं होतं, फक्त बोर्डिंग नव्हतं.

आता टाळेबंदी कधीच संपली, पण ऑनलाइन काही गेलं नाही. केंद्र सरकारचं ऑनलाइन कोर्सांचं ‘स्वयम’ 2017 पासून आहेच, आणि 2021 च्या युजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, नियमांनी एका सत्रातले 40 टक्क्यांपर्यंत विषय तिथून घ्यायला मुभा दिली. मी स्वतः शनिवार-रविवारी संध्याकाळी नोकरी करणाऱ्या पोरांसाठी हिशेबाचा एक ऑनलाइन कोर्स घेते. शिरोली एमआयडीसीतली पोरं आहेत, इचलकरंजीत सूतव्यापाऱ्याकडं दिवाणजीगिरी करणारी आहेत, लग्न होऊन गडहिंग्लजला गेलेल्या दोघी आहेत.

पहिल्या दिवशी मी त्यांच्या पाच-पाचांच्या टोळ्या पाडते. गुणांवरून पाडत नाही, गावावरून पाडते, म्हणजे गरज पडली तर मोटरसायकल घालून एकमेकांकडं जाता यावं. ‘टोळी’ हा शब्द पोरांनीच आणला, ऊसतोडीचा. मग टोळीला मुकादमही आला, दर पंधरवड्याला नवा. मुकादमाचं काम अभ्यास घेणं नाही. चौघांपैकी कोण दोन वेळा आलं नाही एवढंच बघायचं आणि मला सांगायचं. आधी मला हे चुगलीसारखं वाटलं होतं. एका मुकादमानं पहिला निरोप पाठवला: “मॅडम तो येत न्हाई कारण फोन गहाण हाय.” काय म्हणून गहाण, ते मी विचारलं नाही. त्याला आठ दिवस दुसऱ्याच्या घरी बसवून तास ऐकवला गेला, तेही मी सांगितलं म्हणून नव्हे.

दर रविवारी टोळ्यांना मी एक तेरीज पाठवते, मुद्दाम चुकवलेली. चूक शोधायची आणि ती कशी सापडली ते बोलून पाठवायचं. लिहून नको. लिहिलेलं एकमेकांचं उतरवता येतं, बोलताना अडखळणं ज्याचं त्याचंच राहतं. घरच्या अभ्यासातही कॉपीवर एक जालीम उपाय सापडलाय: सुरुवातीची रोख शिल्लक म्हणजे तुमचा रोल नंबर गुणिले शंभर. नंबर 12 कडं 1,200 रुपये, नंबर 47 कडं 4,700. रीत विचारता येते, उत्तर उचलता येत नाही. एकानं शेजाऱ्याचा ताळेबंद जसाच्या तसा पाठवला, तेव्हा मी एवढंच लिहिलं, “तुझ्याकडं दोन हजार रुपये जास्त आले कुठून?”

कॅमेरा चालू ठेवा असं मी म्हणत नाही. दीड जीबीच्या रोजच्या पॅकवर घरातली तीन माणसं जगत असतात, आणि पाठीमागची भिंत दाखवायची की नाही हे ज्यानं त्यानं ठरवावं. तासाचा सारांश मी आठ मिनिटांच्या आवाजात देते, चार एमबीच्या आसपास बसतो. शेतीच्या विजेची पाळी ज्या आठवड्यात रात्रीची असते, तेव्हा काही पोरं रात्री दोनला उसाला पाणी पाजायला जातात. बांधावर बसून मला ऐकतात. एकदा उत्तराच्या ध्वनिफितीत मागं बेडूक ओरडत होते आणि पोरगा घसाऱ्याचं गणित सांगत होता. मधेच “थांबा मॅडम, पाट फुटला,” म्हणून दोन मिनिटं नुसते बेडूक. परत येऊन त्यानं गणित पुरं केलं. रेकॉर्डिंग थांबवता येतं हे त्याला माहीत नसावं, किंवा तेवढा वेळ मी थांबेन असं त्याला वाटलं असावं.

या सगळ्यात वेळ जातो का? जातो. कोर्सच्या मानधनात तो धरलेला नाही, आणि ‘शिक्षकानं मनापासून केलं पाहिजे’ म्हणून तो कायम फुकटात धरला जातो याचा मला राग आहे. साठ जणांना एका माणसानं फोन करता येतात, तीनशेंना येत नाहीत. तीनशेंच्या वर्गाला माझ्या पद्धती सांगा असं कुणी म्हटलं की मी सरळ सांगते, आधी माणसं नेमा.

माझ्यापुरतं म्हणाल तर रविवारी सकाळी वहीत पाच नावं काढते, ज्यांनी त्या आठवड्यात काहीच विचारलेलं नाही अशांची, आणि फोन लावते. ‘काही अडचण आहे का’ असं विचारत नाही. “परवाच्या तेरजेत तुला काय सापडलं?” असं विचारते.

गेल्या रविवारी राधानगरीकडच्या एका पोराला लावला. आईनं उचलला.

“कोण?”

“कॉलेजातनं बोलते. मॅडम.”

पलीकडं एकदम शांत. मग आवाज खाली आणून, “काय केलं वं त्यानं?”

“काही नाही केलं. म्हणून तर फोन केला.”

हे त्यांच्या पचनी पडलं नाही, ते साहजिक होतं. पोराच्या मास्तरणीचा फोन आला म्हणजे काहीतरी भानगड असणार. मी पुन्हा सांगितलं की तक्रार नाही, एक हिशेब विचारायचाय.

“वैरण काढाय गेलाय खालच्या पट्टीत. थांबा, हाक मारतो.”

फोन त्यांच्या हातातच असावा. चपलांचा आवाज, कोंबडी बाजूला झाल्याचा आवाज, मग लांबवर टाकलेली हाक. एकदा, दोनदा. मी ओट्यापाशी उभी होते, दहा मोजून झाले होते, आणि तिसरी हाक शेताकडं निघाली होती.